परदेशी भागीदार शोधण्याआधी आपला रस्ता मोजा: सातारा-सांगलीतल्या नव्या रस्तेसंशोधकांसाठी

रस्ते या विषयात पुढे शिकायचे, परदेशी प्रयोगशाळेबरोबर काम करायचे असे ठरवले की बहुतेक जण आधी शिष्यवृत्त्यांची यादी शोधतात. यादी लागणारच आहे, पण ती या लेखात बरीच खाली आहे. त्याआधी काय हाताशी असायला हवे ते एका जुन्या प्रयोगावरून कळते.

रस्त्याचा खडबडीतपणा मोजायला पूर्वी प्रत्येक देशाचे यंत्र वेगळे आणि आकडाही वेगळा असायचा. एका देशाचा ‘चांगला’ रस्ता दुसऱ्या देशाच्या आकड्यात कुठे बसतो हे कुणालाच सांगता येत नसे. १९८२ साली ब्राझीलिया शहराजवळ ब्राझील, इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका आणि बेल्जियमच्या पथकांनी आपापली यंत्रे त्याच त्या रस्त्यांवरून चालवली. त्यातून आयआरआय (आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक) हे सर्वांना मान्य असलेले माप आले आणि १९८६ मध्ये जागतिक बँकेने ते कसे काढायचे याची मार्गदर्शिका छापली. रस्त्यांच्या आर्थिक नियोजनाचे एचडीएम हे मॉडेलही असेच उभे राहिले. केनिया, कॅरिबियन बेटे, ब्राझील आणि भारत इथल्या प्रत्यक्ष रस्त्यांवरची मोजणी त्यात आहे. भारतातली मोजणी दिल्लीच्या सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने केली. या क्षेत्रातले सहकार्य अशा मोजणीवर चालते. तुमचा आकडा समोरच्याच्या आकड्याशेजारी ठेवता आला, तर बोलणे सुरू होते.

आणि मोजण्यासारखे आपल्याकडे खूप आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. वर जांभा, खाली बेसाल्ट आणि मुरूम, कृष्णाकाठी खोल काळी माती. वर उसाच्या ट्रॉल्या. हवामानाचा रस्त्यावर होणारा परिणाम अभ्यासायला परदेशी पथके देशोदेशी फिरतात. इथे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या प्रवासात ते सगळे सापडते.

रस्ता निवडणे आणि परवानगी

पहिल्या वर्षी एकच रस्ता घ्या, आणि त्यातला फक्त ५०० मीटरचा तुकडा. महामार्गाच्या नादी लागू नका. परवानगी अवघड, वाहतूक जीवघेणी. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग, म्हणजे कागदावरचा ‘ग्रामा’ किंवा ‘इजिमा’, सर्वांत सोयीचा. तुकडा सरळ असावा, मध्ये गावठाण, मोरी किंवा वळण नसावे, आणि तो शेवटचा कधी केला याची नोंद उपविभागाकडे मिळावी. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. डांबराखाली खडीचा थर किती, मुरूम किती, काम कोणत्या वर्षाचे, हे ठाऊक नसेल तर वरची सगळी मोजणी अधांतरी राहते.

परवानगीचे पत्र रस्ता ज्यांचा त्यांना द्या: जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग. कार्यकारी अभियंत्यांच्या नावे, प्रत उपअभियंत्यांना. पत्रात रस्त्याचा क्रमांक, साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर) कुठपासून कुठपर्यंत, किती भोके पडणार (प्रत्येकी सुमारे २० मिमी व्यासाची), ती कशाने बुजवणार आणि आकडे त्यांनाही देणार, हे लिहा. शेवटचे वाक्य विसरू नका. विभागाला त्या आकड्यांचा उपयोग असतो आणि पुढच्या वेळी दार उघडे राहते. ग्रामपंचायतीला विचारून पाण्याची पाइपलाइन आणि केबल कुठून जाते ते आधी रंगाने रस्त्यावर आखून घ्या. मोजणीच्या साधनाचा टोकदार शंकू ती सहज फोडतो.

डीसीपी: जमिनीची ताकद

डायनॅमिक कोन पेनिट्रोमीटर हे या कामातले सर्वांत स्वस्त आणि जगभर ओळखीचे साधन. ८ किलोचा हातोडा ५७५ मिमी उंचीवरून सळईवर पडतो, खालचा ६० अंशांचा, २० मिमी व्यासाचा शंकू जमिनीत उतरतो आणि तुम्ही मिलिमीटर वाचता. तीन माणसे लागतात. एक जण सळई उभी धरतो, दुसरा हातोडा उचलतो, तिसरा वाचतो आणि लिहितो. दोघांत करायला गेलात की सळई कलते. कललेली सळई भोकाच्या बाजूला घासते, ठोके वाढतात आणि जमीन आहे त्यापेक्षा मजबूत दिसते.

५०० मीटरमध्ये दर ५० मीटरला एक अशी ११ ठिकाणे घ्या. डावी चाकवाट, मध्य, उजवी चाकवाट अशी आलटूनपालटून. एकेरी रस्त्यावर चाकवाट कडेपासून साधारण ६० सेंटिमीटरवर धरा. काळ्या मातीत याखेरीज तीन ठिकाणी अगदी कडेलाही मोजा, कारण उन्हाळ्यात माती आधी कडेने वाळते, आक्रसते, आणि रस्त्याच्या लांबीने जाणाऱ्या भेगा तिथूनच सुरू होतात. डांबराचा थर आधी ड्रिलने काढून घ्या, नाहीतर शंकूची धार जाते.

शंकू थरावर टेकवला की शून्य ठोक्यांचे वाचन आधी लिहा. नवखे हेच विसरतात आणि मग पहिल्या थराचा हिशेब लागत नाही. खडीच्या चांगल्या थरात ५ ते १० ठोक्यांनी एक वाचन, खालच्या मातीत एका-दोन ठोक्यांनी. दोन वाचनांत साधारण १० मिमी फरक पडेल असे बघा. हातोडा पूर्ण वर न्यावा, पण वरच्या मुठीवर आपटू नये. आपटला की शंकू जागचा वर उचलला जातो आणि पुढचे वाचन खोटे होते. वीस ठोके देऊनही शंकू जागचा हलत नसेल तर खाली दगड आहे. तिथे मारत बसू नका, अर्ध्या मीटरवर सरकून नव्याने सुरू करा आणि सरकल्याची नोंद ठेवा. आपल्या मुरमात हे वरचेवर होणार. शंकूचा व्यास झिजून १० टक्क्यांनी कमी झाला की शंकू बदलायचा, म्हणून व्हर्नियर कॅलिपर पेटीतच ठेवा.

आता आकडा. समजा खालच्या काळ्या मातीत एका ठोक्याला ४० मिमी शंकू उतरला. त्यावरून सीबीआर, म्हणजे प्रमाणित खडीच्या तुलनेत जमिनीची टक्क्यांतली ताकद, काढतात. इंग्लंडच्या टीआरएल या वाहतूक संशोधन प्रयोगशाळेचे समीकरण असे आहे:

लॉग सीबीआर = २.४८ − १.०५७ × लॉग (मिमी प्रति ठोका)

त्याने सीबीआर ६.१ टक्के येतो. आपल्याकडच्या आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) डांबरी रस्त्यांच्या रचनेच्या मार्गदर्शिकेतले, म्हणजे आयआरसी:३७ मधले, समीकरण असे:

लॉग सीबीआर = २.४६५ − १.१२ × लॉग (मिमी प्रति ठोका)

त्याने ४.७ येतो. माती तीच, वाचन तेच, आणि एक आकडा पाचाच्या वर, दुसरा खाली. दिवसाला ४५० हून जास्त व्यावसायिक वाहने असलेल्या रस्त्यांसाठी आयआरसी:३७ किमान ५ टक्के मागते, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. म्हणून अहवालात नुसता सीबीआर कधीच लिहू नका. मूळ मिमी आणि ठोके द्या, समीकरण कोणते वापरले ते द्या. समोरचा माणूस मग स्वतःच्या समीकरणाने हवा तो आकडा काढेल.

दुसरी चूक ओलाव्याची. मे महिन्यात दगडासारखी लागणारी काळी माती ऑगस्टमध्ये लोण्यासारखी असते. प्रयोगशाळेतला सीबीआर चार दिवस पाण्यात भिजवलेल्या नमुन्यावर काढतात, डीसीपी मात्र त्या दिवशी जमीन जशी असेल तशी मोजते. दोन्ही आकडे शेजारी ठेवताना हे लक्षात न घेतल्यामुळे कितीतरी प्रबंध वाया जातात. प्रत्येक डीसीपीशेजारी ३० आणि ६० सेंटिमीटर खोलीवरून मूठभर माती काढा, घट्ट झाकणाच्या डबीत भरा, डबीचे वजन जागेवरच करा आणि संध्याकाळी १०५ ते ११० अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून नेलेली माती घरी पोचेपर्यंत पाणी सोडते. ते आकडे कुणी मान्य करणार नाही.

भोके त्याच दिवशी बुजवा. खाली कोरडी वाळू ठासून, वर थंड डांबरमिश्रण. पावसाळ्यात उघडे राहिलेले २० मिमीचे भोक काळ्या मातीत थेट पाणी सोडते, आणि मग पुढच्या फेरीत तुम्ही तुमचेच नुकसान मोजत बसता.

मर्लिन: खडबडीतपणा

लेसरची गाडी भाड्याने आणायची गरज नाही. टीआरएलने विकसनशील देशांसाठी मर्लिन नावाचे साधन काढले, ते गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडेही तयार होते: पुढे सायकलचे चाक, मागे पाय, दोघांमध्ये १.८ मीटर अंतर आणि बरोबर मध्ये रस्त्याला टेकणारा एक पाय. तो पाय जितका वर-खाली होतो त्याच्या दहापट वरचा काटा तक्त्यावर सरकतो. चाकाचा एक फेरा झाला की थांबायचे, काटा जिथे असेल त्या रकान्यात फुली मारायची, असे २०० वेळा. म्हणजे चारशे मीटरहून थोडे जास्त अंतर चालून होते.

मग तक्त्याच्या दोन्ही टोकांकडून दहा-दहा फुल्या सोडून द्यायच्या आणि उरलेल्यांचा पसारा मिलिमीटरमध्ये मोजायचा. त्याला ‘डी’ म्हणतात. आयआरआय = ०.५९३ + ०.०४७१ × डी. डी ८० आला तर आयआरआय सुमारे ४.४ मीटर प्रति किलोमीटर.

दोन गोष्टींनी हे बिघडते. चाकाच्या रिमवर खूण करून दर वाचनाला तीच खूण खाली आणली नाही, तर चाकाचा वाकडेपणा रस्त्याच्या माथी बसतो. आणि रोज सकाळी मधल्या पायाखाली साधारण ६ मिमी जाडीची मोजलेली पट्टी सरकवून काटा ६० मिमी सरकतो की नाही हे पाहिले नाही, तर दिवसभराचे आकडे दुरुस्त करायला आधार उरत नाही. पट्टीच्या जाडीच्या दहापटीला काटा प्रत्यक्ष सरकला त्या अंतराने भागायचे आणि आलेल्या आकड्याने ‘डी’ला गुणायचे असते. पट्टीचे सकाळचे वाचन तक्त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

वाहने, आणि कारखान्याचा काटा

वाहनगणनेच्या आयआरसी:९ या मार्गदर्शिकेनुसार वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सलग सात दिवस आणि २४ तास मोजणी करतात. एकदा सुगीत, एकदा मंद काळात. आपल्याकडे सुगी म्हणजे गळीत हंगाम. एप्रिल-मेमध्ये मोजून ‘या रस्त्यावर वाहतूक नाही’ असे लिहिणारा माणूस जानेवारीतली ट्रॉल्यांची रांग विसरतो.

संख्येइतकेच वजन महत्त्वाचे. रस्त्याचे नुकसान आसाच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये आशो या तिथल्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने घेतलेल्या रस्ता चाचणीतून हा नियम आला. ८.१६ टनांचा आस म्हणजे एक एकक. १०.२ टनांचा आस २.४ एककांएवढा, १२ टनांचा जवळजवळ ४.७. साखर कारखान्याला पत्र देऊन वजनकाट्यावर अर्धा दिवस मागा आणि ट्रॉलीचा एकेक आस काट्यावर आणून वजन घ्या. काट्याचा प्लॅटफॉर्म आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत असला पाहिजे. एक आस वर, एक खाली असला तर वजन दुसरीकडे ढकलले जाते. पातळी नळीने तपासून घ्या. चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक लिहू नका. दंडाच्या भीतीने पुढच्या दिवशी कुणी थांबणार नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

पावसाचे आकडे महसूल मंडळनिहाय कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतात. रस्त्याच्या सर्वांत जवळचे मंडळ कोणते ते नोंदवा.

चार फेऱ्या, एक वही

मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि मार्च. कोरडी जमीन, भिजलेली जमीन, हंगामाआधी, हंगामानंतर. एवढे एक वर्ष पूर्ण झाले की तुमच्याकडे असा संच असतो जो कोणत्याही परदेशी विभागाच्या बैठकीत ठेवता येतो. नोंदीत काय काय हवे: जीपीएस बिंदू, तारीख, वेळ, हवा, कोणत्या साधनाने, साधन शेवटचे कधी तपासले, वाचणाऱ्याची आद्याक्षरे, काय चुकले. ‘काय चुकले’ हा रकाना मोकळा दिसला की अनुभवी वाचकाला संशय येतो. रस्त्यावर भरलेल्या कागदी तक्त्यांचे फोटो ठेवा, कागद फेकू नका. आकड्यांच्या फाइलमध्ये प्रत्येक स्तंभाला एकक लिहा.

तुलनेसाठी रस्त्यांची दीर्घकालीन कामगिरी नोंदवणाऱ्या अमेरिकेच्या एलटीपीपी कार्यक्रमाचे आकडे बघा. १९८७ पासून अमेरिका आणि कॅनडातल्या अडीच हजारांहून जास्त तुकड्यांची मोजणी तिथे मोफत उतरवून घेता येते. आपली फाइल त्यांच्या धाटणीची केली की अर्धे भाषांतर झालेच. आणि ‘जागतिक रस्ते संघटना’ म्हणजे पिआर्क, १९०९ पासून चालू, तिचे तांत्रिक अहवाल आणि अनेक भाषांतला रस्त्यांचा शब्दकोश मोफत आहे. पत्र लिहिण्याआधी आपण वापरतो ते शब्द त्यात तपासा.

पत्र कसे लिहायचे

एक पान. ‘आम्हाला आपल्या प्रतिष्ठित संस्थेबरोबर काम करण्याची तीव्र इच्छा आहे’ असे वाक्य असलेली पत्रे कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. पहिल्या ओळीत रस्ता आणि आकडे: ‘माण तालुक्यात काळ्या मातीवरच्या ५०० मीटर ग्रामीण रस्त्यावर चार हंगामांची डीसीपी, ओलावा आणि आयआरआय मोजणी आमच्याकडे आहे.’ दुसऱ्या ओळीत अडलेला प्रश्न: ‘कडेच्या ओलाव्यातली घट तुमच्या पद्धतीने बसत नाही, कारण आमच्या मोजणीत आहे की मातीत, हे कळत नाही.’ तिसऱ्यात नेमकी मागणी: एक तासाची ऑनलाइन चर्चा, एखादी चाचणी, किंवा उन्हाळ्यातले आठ आठवडे. फाइल जोडा. पंधरा दिवस उत्तर आले नाही तर एकदा आठवण करा आणि मग पुढच्याकडे वळा.

दारे: कोण कुठून जाऊ शकतो

सरकारी नोकरीतले अभियंते जपानच्या जायका या सहकार्य संस्थेच्या प्रशिक्षणाला जाऊ शकतात. अर्ज खात्यामार्फत आणि केंद्र सरकारमार्फत जातो, थेट नाही, त्यामुळे खात्यातला कागद हलायला लागणारा वेळ धरूनच तयारी करा. आधी आपल्या कामाचा अहवाल आणि शेवटी ‘परत गेल्यावर काय करणार’ याची कृतियोजना मागतात. वर्षभराची वही हाताशी असेल तर दोन्ही एका आठवड्यात लिहून होतात.

विद्यार्थ्यांसाठी जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकसनशील देशांसाठीची पदव्युत्तर योजना आहे. तिला साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. म्हणून पदवीनंतरची पहिली दोन वर्षे रस्त्यावर काढणे तोट्याचे नाही. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती, आणि इंटरनॅशनल रोड फेडरेशनची फेलोशिप हीदेखील तपासून बघा.

प्राध्यापकांनी शिक्षण मंत्रालयाची स्पार्क योजना बघावी. तिच्यातून परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त प्रकल्प होतात. ग्यान योजनेत परदेशी प्राध्यापक इथे येऊन छोटा अभ्यासक्रम घेतात. विमानखर्चाशिवाय पहिली ओळख होण्याचा हा उत्तम रस्ता, आणि तो नवख्यांकडून सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. आयआरसीचे सदस्यत्व जरूर घ्या. ही संस्था १९३४ ची, आणि तिची मुळे ज्या रस्ते समितीत आहेत तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते.

सुरक्षिततेत रस असेल तर आयरॅप या आंतरराष्ट्रीय रस्ते-मूल्यांकन संस्थेचे रस्त्यांना एक ते पाच तारे देण्याचे प्रशिक्षण बघा. आपल्या शेजारीच, बेळगाव ते यरगट्टी हा राज्यमार्ग जागतिक बँकेच्या मदतीने या पद्धतीने तपासून सुधारला गेला. मिरजेहून एका दिवसात जाऊन-येऊन बघण्यासारखा आहे. ग्रामीण रस्त्यांवर आशियाई विकास बँकेने २०१९ मध्ये महाराष्ट्राला २० कोटी डॉलरचे कर्ज दिले, तेही ३४ जिल्ह्यांसाठी. अशा प्रकल्पांची कागदपत्रे बँकेच्या संकेतस्थळावर खुली असतात. प्रस्तावाची भाषा शिकायला याहून चांगले पुस्तक नाही.

माती, पैसा, करार

मातीचा नमुना कुरिअरने परदेशी पाठवू नका. अमेरिकेत माती आणायला तिथल्या शेती खात्याच्या एपीएचआयएस विभागाचा परवाना लागतो, आणि तो तिथल्या प्रयोगशाळेने काढायचा असतो. इतर देशांतही असेच नियम आहेत. परवान्याशिवाय गेलेले खोके बंदरावरच नष्ट होते. शिवाय निर्जंतुक करायला तापवलेली काळी माती ही मूळची माती राहत नाही. शक्य तिथे चाचणी इथेच करा आणि आकडे पाठवा.

महाविद्यालय ट्रस्टचे असेल तर परदेशी अनुदान स्वीकारण्याआधी एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी आहे का ते हिशेब विभागाला विचारा. २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. पैसे मंजूर झाल्यावर हे कळले तर एक हंगाम हातचा जातो.

सामंजस्य करारात दोन कलमे स्वतः वाचा. आकडे कुणाचे, आणि छापताना नावे कुणाची. रस्त्यावर उन्हात उभे राहून वाचन घेणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव लेखावर आले पाहिजे, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. नंतर मागायला फार जड जाते. मूळ आकड्यांची एक प्रत कायम आपल्याकडे आणि एक रस्त्याच्या मालक विभागाकडे राहील, हेही त्यातच लिहा.

प्रशिक्षणाहून परतलात की पहिल्याच महिन्यात त्याच ५०० मीटरवर जा. तिथे शिकलेल्या पद्धतीने एक फेरी, आणि त्याच दिवशी आपल्या जुन्या पद्धतीने दुसरी. दोन्हीत फरक आला तर तो किती आणि कुठल्या ठिकाणी, हे तक्त्यात मांडून भागीदाराला आणि उपअभियंत्यांना, दोघांनाही पाठवा. पुढच्या तुकडीसाठी डीसीपीचा नवा शंकू, कॅलिपर आणि मर्लिनची ६ मिमीची पट्टी पेटीत परत ठेवा.